सुनेचे आजोळ

माझी सून जपानी आहे. २०१६ साली चिरंजीवांनी हे लग्न ठरल्याचे तोक्योहून कळवले, तेव्हा बेळगावातल्या आमच्या घरी आठ दिवस कुणी मोठ्याने बोलत नव्हते. पुढे सगळे सुरळीत झाले. ती कहाणी निराळी. इथे सांगायचे आहे ते सुनेच्या आजोळाविषयी, आणि ते शोधताना हाती आलेल्या कागदांविषयी.

मी एकतीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी केली. उतारे, फेरफार, वारसाच्या नोंदी यांतच हयात गेली. परमुलखात गेलो तरी माझी नजर देवळांआधी दप्तरांकडे जाते, अशी आमच्या सौ.ची तक्रार आहे आणि ती खरी आहे. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे मुलाकडे होतो. इकडे पितृपक्ष सुरू होता आणि तिकडे ‘हिगान’. शरद संपाताचा दिवस मध्ये धरून आगेमागे तीन-तीन दिवसांचा हा आठवडा. लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, दगड धुतात, फुले आणि उदबत्ती वाहतात. त्या वर्षी पंचांगाने दोन्ही एकत्र आणले होते.

सुनेच्या आईला, म्हणजे आमच्या विहीणबाईंना, गावाकडच्या मंदिरातून पत्र आले होते. मंदिराचे पुरोहित ऐंशीच्या पुढे गेलेले, त्यांच्या मागे कुणी नाही. तुमच्या घराण्याचे थडगे पुढे कोण पाहणार, असा साधा प्रश्न त्यांनी केला होता. विहीणबाई घराण्यात एकट्या उरलेल्या, राहणार चिबात, गुडघे दुखरे. त्यांनी ‘हाकाजिमाई’ करायचे ठरवले. म्हणजे गावाकडचे थडगे मोडून आतल्या अस्थी आपल्या जवळच्या जागी आणायच्या. खेडी ओस पडत चालल्यामुळे जपानात हे आता घरोघरी चालले आहे. २०२२ या एका आर्थिक वर्षात अशी दीड लाखांवर स्थलांतरे झाली. मात्र कुणाच्याही अस्थी हलवायच्या तर गावच्या नगरपालिकेचा परवाना लागतो, आणि अर्जात प्रत्येक मृताचे नाव, मृत्यूची तारीख, मूळ नोंदणीचे ठिकाण भरावे लागते. थडग्यात कोण कोण आहे हे विहीणबाईंना आईवडील आणि आजोबा यांच्यापलीकडे सांगता येईना. तेव्हा सूनबाई म्हणाली, “बाबा, तुम्ही कागद वाचायचं काम केलंय ना? चला माझ्याबरोबर.”

मला जपानी अक्षर येत नाही. तरीही गेलो.

जपानात माणसाची ओळख ‘कोसेकी’त असते. कोसेकी म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद. १८७१ साली कायदा झाला आणि १८७२ मध्ये देशभर पहिली नोंदवही तयार झाली. प्रत्येक नोंदीला एक पत्ता असतो, त्याला ‘होन्सेकी’ म्हणतात. गंमत अशी की तिथे माणूस राहतच असला पाहिजे असे नाही. तुम्ही ओसाकात राहा, हवाईत राहा, तुमचे पान गावच्या कचेरीतच. काही हौशी लोकांनी तर होन्सेकी म्हणून सम्राटांच्या राजवाड्याचा पत्ता लावून घेतला आहे, आणि कायद्याला त्याची हरकत नाही. आपल्याकडे ‘मूळ गाव’ ही बोलायची गोष्ट. तिथे तिला क्रमांक आहे.

पूर्वी पूर्वजांची पाने हवी असली की ज्या त्या गावच्या कचेरीला पत्र लिहायचे, टपालाने पैसे पाठवायचे आणि वाट पाहायची. एका गावच्या पानावरून दुसऱ्या गावचे नाव कळायचे, मग तिकडे पत्र. १ मार्च २०२४ पासून ही यातायात संपली. आता कोणत्याही कचेरीत स्वतः जाऊन आपली, आईबापांची, आजा-पणज्यांची पाने मागता येतात. सरळ रेषेत मात्र. भावाबहिणीची मिळत नाहीत. चालू पानाला ४५० येन, बंद झालेल्या जुन्या पानाला ७५०. सूनबाईने तोक्योतल्या तिच्या वॉर्डाच्या कचेरीत अर्ज दिला आणि अडीच तासांनी सात पानांचे बाड घेऊन आम्ही बाहेर पडलो. हा वेग पाहून मला माझ्या नोकरीची थोडी लाज वाटली.

ती पाने मी अजून विसरलो नाही. जुनी पाने कुंच्याने लिहिलेली, उभ्या ओळींत. तारखांचे आकडे साधे नव्हेत. एक, दोन, तीन यांसाठी मुद्दाम अवघड अक्षरे वापरलेली, म्हणजे मागाहून कुणी रेघ वाढवून एकाचे दोन करू नये. आपण रक्कम ‘अक्षरी’ लिहितो ते याच भयाने. जगातला कारकून सगळीकडे सारखाच.

विहीणबाईंच्या आईवडिलांच्या पानावर तीन नावे होती. तिन्हींवर भल्या मोठ्या फुल्या. मी चमकलो. सूनबाईने समजावले: माणूस वारला किंवा लग्न होऊन दुसऱ्या पानावर गेला की नावावर फुली मारीत. घटस्फोट झालेल्याला तिकडे बोलीभाषेत ‘बात्सु-इची’, एक फुलीवाला, म्हणतात ते यावरूनच. १९९४ च्या कायद्यानंतर नोंदी संगणकावर जाऊ लागल्या आणि फुली गेली. या पानावर वडिलांची फुली १९८७ ची, आईची १९९६ ची, आणि मुलीची, म्हणजे विहीणबाईंची, १९८५ ची. ती लग्नाची. दोन मरणांच्या आणि एका लग्नाच्या खुणेत काडीचा फरक नव्हता. आमच्या सौ.ने ते पान बराच वेळ हातात धरले आणि काही न बोलता परत दिले.

तरी बाईला कागदावरून शोधायचे तर तिथे वाट आहे हे कबूल केले पाहिजे. प्रत्येक सुनेच्या नावाशेजारी ती कोणत्या गावच्या, कोणत्या घरमालकाची कितवी मुलगी, हे लिहिलेले असते. तो धागा धरला की माहेरच्या पानावर जाता येते. आपल्या छापील कुलवृत्तांतांतही सुनांची माहेरे देतात, पण कुलवृत्तांत छापले कुणाचे गेले? ज्यांना छापून मिरवावेसे वाटले त्यांचेच.

माझ्या मुलाचे नाव कुठे आहे, हेही मी विचारले. तो पानावर नाही. परदेशी माणसाला कोसेकीत जागा नसते. लग्नानंतर सूनबाईचे स्वतंत्र पान झाले, त्यावर ती मुख्य, खाली आमची नात, आणि चिरंजीव सूनबाईच्या लग्नाच्या शेऱ्यात एका ओळीत. आमच्या वंशावळीत मुली शेऱ्यापुरत्या असतात, तसा हा. मी हसलो खरा, पण जरा लागले.

मागे मागे जाताना पाने मोठी होत गेली. १९४८ नंतरच्या पानावर नवराबायको आणि लग्न न झालेली मुले एवढेच. युद्धापूर्वीच्या पानावर अख्खे एकत्र कुटुंब. घरमालक, त्याचे म्हातारे वडील, भाऊ, भावजया, पुतणे. मिळतात त्यांत सर्वांत जुनी पाने १८८६ च्या नमुन्याची. आमच्या बाडातल्या अशा पानावर सर्वांत वयस्क माणूस बुन्सेई ८ साली, म्हणजे १८२५ मध्ये, जन्मलेला होता. राजांच्या कारकिर्दीवरून वर्ष काढायचे हा हिशेब मला अवघड गेला नाही. शकात ७८ मिळवून इसवी सन काढणाऱ्यांपैकीच मी.

आणि त्याच्या पुढच्या पानावर ती ओळ होती. विहीणबाईंचे आईकडचे आजोबा मेइजी ४१ साली, १९०८ मध्ये, जन्मले ते गावात नव्हे. हवाई बेटांपैकी काउआई येथे. जन्माची वर्दी होनोलुलूच्या जपानी कॉन्सलमार्फत गावच्या कचेरीत आली होती. त्यांच्या खाली एक बहीण. जन्म १९१०, मृत्यू १९११, दोन्ही काउआईत.

सूनबाईला हे ठाऊक नव्हते. संध्याकाळी तिने आईला फोन केला. पलीकडून विहीणबाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, नावे मिळाली ना, मग पुरे. आणखी उकरू नकोस.

त्यांच्या या बोलण्याचे कारण आम्हाला दोन दिवसांनी गाडीत कळले. १९८५ साली त्यांचे लग्न ठरत असताना मुलाकडच्यांनी चौकशीसाठी एक माणूस गावी पाठवला होता. त्याने शेजारीपाजारी विचारले, दुकानात विचारले: घराणे कुठले, वेडाचा आजार आहे का, मूळचे कोण. काही निघाले नाही. सुतार आणि शेतकरी, एवढेच. लग्न झाले. पण शेजारणीने ही चौकशी विहीणबाईंच्या आईच्या कानावर घातली, आणि ती माउली मरेपर्यंत मुलीच्या सासरी पाणी प्यायली नाही.

‘मूळचे कोण’ या प्रश्नामागे जपानचा जुना जातिभेद आहे. कातडे कमावणारे, मेलेली जनावरे उचलणारे यांना तिथेही वेगळ्या वस्तीत ठेवले होते. १८७१ च्या फर्मानाने ती हीन नावे रद्द केली. पण पुढच्याच वर्षीच्या पहिल्या नोंदवहीत काही ठिकाणच्या कारकुनांनी जुनी ओळख लिहून ठेवली, किंवा ‘नवे सामान्यजन’ असा शेरा मारला. कायद्याने पुसलेले कारकुनाने जपले. आणि ही दप्तरे कित्येक दशके कुणीही पैसे भरून पाहू शकत होता. सोयरीक जुळवताना, नोकरी देताना लोक पाहत. १९६८ साली १८७२ ची ती सारी दप्तरे मोहोरबंद करण्यात आली. आज ती वंशजालाही दाखवत नाहीत. १९७५ मध्ये अशा वस्त्यांच्या गावांची नावनिशीवार यादी कंपन्यांना गुपचूप विकली जात असल्याचे उघडकीस आले आणि मोठा गहजब झाला. १९७६ मध्ये इतर पानेही सर्वांना खुली राहिली नाहीत. २००८ मध्ये नियम आणखी आवळले. आमच्या बाडातल्या जुन्या पानांवर कुटुंबाचा दर्जा लिहिलेली जागा झाकलेली होती. मी आधी त्याला नकलेतला दोष समजलो.

खरे सांगायचे तर विहीणबाईंचे बोलणे ऐकताना मी खिडकीबाहेर पाहू लागलो. माझ्या पुतण्याच्या लग्नाआधी मीच एका ओळखीच्या तलाठ्याला मुलीच्या गावी ‘सहज’ पाठवले होते. त्या मुलीच्या आईला ते कळले असेल का, हे मी आजवर मनात आणले नव्हते.

गाव यामागुची प्रांतातल्या सुओ-ओशिमा बेटावर. ओबाताके नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरायचे आणि समोरच्या पुलावरून बेटावर जायचे. पूल १९७६ चा; त्याआधी होडी. खाली सामुद्रधुनीचे पाणी नदीसारखे वाहते. डोंगरउतारावर मिकानच्या, म्हणजे तिकडच्या संत्र्यांच्या, बागा. फळे अजून हिरवी होती. लोकवस्ती पंधरा हजारांच्या आत, आणि निम्म्याहून अधिक माणसे पासष्टीच्या वरची. बस भरली होती आणि तिच्यात मी म्हातारा दिसत नव्हतो.

या बेटाने माणसे बाहेर पाठवली ती पूर्वीपासून. रताळ्यावर लोकसंख्या वाढली, जमीन वाढली नाही. इथले सुतार समुद्र ओलांडून शिकोकूत जात आणि तिथली देवळे बांधत. मग १८८५ साली जपान सरकारच्या करारावर हवाईच्या उसाच्या मळ्यांकडे पहिले जहाज निघाले. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री काओरू इनोउए याच प्रांताचे, त्यामुळे भरतीत यामागुचीला झुकते माप मिळाले. तीन वर्षांचा करार, महिन्याला २६ दिवस, मळ्यात रोज १० तास; पुरुषाला ९ डॉलर पगार आणि खाण्याचे ६, बाईला ६ आणि ४. १८९४ पर्यंत २६ फेऱ्यांत सुमारे २९ हजार माणसे गेली. त्यांतली सुमारे ३,९०० या एका ओशिमा तालुक्यातली. करार संपल्यावरही नात्यागोत्याने माणसे जात राहिली. सूनबाईचे खापरपणजोबा त्या मागच्या लोंढ्यात, स्वखर्चाने गेलेले. लोकजीवनाचे थोर अभ्यासक त्सुनेइची मियामोतो (१९०७–१९८१) याच बेटाचे. त्यांचे वडीलही फिजीला मजुरीसाठी जाऊन आले होते. बेटावर हवाईला गेलेल्यांचे एक संग्रहालय १९९९ पासून आहे, परदेशी पैसा कमावून परतलेल्या एका गृहस्थाच्या जुन्या घरात. ट्रंका, वेताच्या पेट्या, मळ्यातले जाड कपडे. हवाईहून चौथ्या पिढीची माणसे येऊन तिथे पणजोबांचे नाव शोधतात. आमचा माणूस त्या यादीत सापडला नाही.

मळ्यात दोघांनाही राबायचे, मूल सांभाळायला कुणी नाही, म्हणून ही माणसे मुलांना गावी आजीकडे पाठवीत. विहीणबाईंचे आजोबा पाच वर्षांचे असताना असेच कुणा शेजाऱ्याच्या सोबतीने आले. आईवडील आले नाहीत. पैसे येत राहिले. हे आम्हाला कागदाने सांगितले नाही. वाटेत भेटलेल्या, नव्वदी गाठलेल्या एका आजीबाईंनी सांगितले. सूनबाईने आडनाव सांगितले तर त्यांना उमगेना, कारण त्या गावात निम्मी घरे त्याच आडनावाची. सामान्य लोकांना आडनावाची मोकळीक १८७० साली मिळाली आणि १८७५ मध्ये सक्ती झाली, त्यामुळे गावगाड्यात आडनावाला अजून फारशी किंमत नाही. विहीणबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “शिन्ताकु.” म्हणजे नवे घर. आजीबाई एकदम हसल्या. आपल्याकडे थोरली पाती, धाकटी पाती, वरले घर, खालचे घर म्हणतात तशी ही घराची नावे. मग अर्धा तास त्या दोघी ज्या बोलीत बोलल्या, ती सूनबाईलाही पुरती कळेना. विहीणबाईंना मी पहिल्यांदाच भरभर बोलताना पाहिले.

गावदेवाच्या आवारात देणगीदारांची नावे कोरलेले दगडी खांब आहेत. काहींवर नावाच्या वर दोन अक्षरे: हवाई.

मंदिरात ‘काकोचो’ असतो. ही मंदिराची मृत्यूंची वही. त्याची कथा आपल्या ओळखीच्या ठिकाणापासून सुरू होते. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून जपानला पोहोचले, आणि १५५१ च्या सुमारास याच यामागुचीत त्यांनी धर्मप्रचार केला. त्यांचे शव आज जुन्या गोव्यात आहे. पुढच्या शतकात जपानी सत्ताधीशांनी ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली आणि प्रत्येक कुटुंबाने आपण अमुक बौद्ध मंदिराचे आहोत असा दाखला देणे सक्तीचे केले. त्यातून मंदिराची दप्तरे वाढली. पकडण्यासाठी सुरू झालेली नोंद. आज लोक तिच्यात आजोबा शोधतात.

पुरोहितांनी वही दाखवली नाही. चौकश्यांचे जुने प्रकार झाल्यापासून पंथाचा तसा नियम आहे. ते आत गेले आणि आमच्या घराण्यापुरत्या ओळी कागदावर उतरवून घेऊन आले. काउआईत वारलेल्या मुलीची ओळ त्यांत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथरवटाने थडग्याखालची फट उघडली. पुरोहितांनी सूत्र म्हटले. आधी मोजणी, मग परवाना, मग उचलणे, असा क्रम. पाच घट निघाले, पाचांची नावे कागदाशी जुळली. त्यांच्यामागे कोपऱ्यात एक सहावा होता, चहाच्या पेल्याएवढा. त्यावर काही लिहिलेले नव्हते.

सूनबाई लगेच म्हणाली, ही तीच. हवाईहून कुणीतरी आणली असेल, भावाला आणले तेव्हाच. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून हातरुमाल काढला, पेल्यावरची माती पुसली आणि तो परत होता तिथे ठेवला.

दुपारी पालिकेत अर्ज भरताना सूनबाईने सहाव्या रकान्यात त्या मुलीचे नाव लिहायला घेतले. खिडकीतला तरुण कारकून अदबीने म्हणाला, पुरावा नसेल तर ‘अज्ञात’ लिहा, परवाना तरीही मिळेल. सूनबाईने माझ्याकडे पाहिले. मी एकतीस वर्षे हेच सांगत आलो होतो. मी म्हणालो, “त्याचं बरोबर आहे, पोरी.” तिने ‘अज्ञात’ लिहिले. ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

परतीच्या गाडीत तिने एक कोरी वही काढली. नातीसाठी. डाव्या पानावर आईकडची माणसे, उजव्या पानावर आमची. डावे पान १८२५ पर्यंत भरले. उजव्या पानावर माझ्या वडिलांकडचे सात पुरुष मी धडाधड सांगितले. मग तिने विचारले, “बाबा, तुमच्या आईची आई? तिचं माहेरचं नाव काय?”

आईला घरात सगळे ‘आक्का’ म्हणत, तिच्या आईला ‘मोठी आई’. यापलीकडे मला काही सांगता येईना. खानापूरच्या मामेभावाला फोन लावला. तो म्हणाला, लग्नात नाव बदललेलं असणार; थोरल्या वहिनींना विचारून बघतो, त्यांना ठाऊक असेल तर. त्या वेळी त्या दवाखान्यात होत्या.

वही सूनबाईकडेच आहे. ती ओळ तिने पेन्सिलीने आखून कोरी ठेवली आहे.